पाचवीचा कागद

कोरा कागद मी कुणाला सहजासहजी देत नाही. नातवंडं चित्रं काढायला मागतात, तेव्हा आधी दोन्ही बाजू बघतो, उजेडात धरतो आणि मग देतो. म्हातारा चिकट आहे, असं सून म्हणते. म्हणू दे.

साल सत्तावन. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि मी सोनपेठकडच्या खेड्यांतून जन्ममृत्यूच्या नोंदी तपासत फिरत होतो. नोंदी वाढवा, असा वरून हुकूम होता. निजामाच्या वेळी पैदाइश आणि फौत, जन्म आणि मृत्यू, उर्दूत लिहायचे. म्हणजे लिहिली तर लिहिली. तिकडे गंगा म्हणतात त्या नदीकाठी धनगरांची एक वाडी होती. तिथल्या रजिस्टरात सहा वर्षांत एकही मूल मेलेलं नव्हतं. तुमची वाडी भलतीच नशीबवान दिसते, असं मी पोलीस पाटील किशनरावांना टोचून म्हणालो. ते मला वाडीमागच्या बाभळींखाली घेऊन गेले. तिथे दगडांचे लहान लहान ढीग होते. मी मोजायला लागलो आणि मध्येच थांबलो. त्यातले तीन ग्यानबा मेंढक्याचे, असं पाटलांनी सांगितलं. तिन्ही बारशाआधीच गेली, नावच नाही तर लिहायचं कुणाचं, असा त्यांचा सवाल होता. मला राग आला.

त्याच ग्यानबाच्या घरी चौथं मूल पाच दिवसांचं होतं. हे तरी लिहायचंच, या हट्टाने मी दारात जाऊन बसलो. ग्यानबाची आई केवळाबाई बाहेर आली. आज पाचवी आहे, रात्री सटवाई येऊन लेकराचं नशीब लिहील; आधी तिला लिहू द्या, मग तुम्ही लिहा, असं तिने मला बजावलं. तिच्यामागे सून भिवरा मुलाला छातीशी धरून उभी होती. तीन गेल्यावर चौथ्याला जसं धरतील, तसं तिने त्याला धरलं होतं.

मग केवळाबाईने हळूच एक कागद मागितला. सटवाईपुढे कोरा कागद ठेवायचा असतो आणि अख्ख्या वाडीत कागदाचा कपटा नव्हता. मागच्या तिन्ही वेळी कागदाविनाच पुजलं होतं, म्हणून त्या लेकरांचं नशीब लिहायचं राहिलं, असं भिवराला वाटत होतं. मला हसू आलं. सरकारी कागदच देतो, म्हणालो, चौकटी आखलेल्या आहेत, सटवाईलाही सोयीचं पडेल. बोलता बोलता पिशवीतलं छापील नमुन्यांचं बाड काढलं, एक कोरा नमुना फाडला आणि न बघताच दिला. भिवराने तो कपाळाला लावून घेतला.

पंधरा दिवसांनी मी परत गेलो, तेव्हा मुलाचं नाव बिरू ठेवलेलं होतं. ती वाडीची पहिली धड नोंद. अंगठा घेण्याआधी मजकूर वाचून दाखवायचा, हा माझा नियम होता. जुने कारकून मनाला येईल ते लिहून अंगठे घेत, त्याची मला भारी चीड होती. मी भिवराला सगळं वाचून दाखवलं. लेकरू आता सरकारच्या कागदात आहे, आम्ही खोडल्याशिवाय ते तिथून कुठे जात नाही, असंही मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

वैशाखात, सोनपेठच्या बाजाराच्या दिवशी, मी चावडीत बसलो होतो. भिवरा एकटीच आली. ग्यानबा मेंढरं घेऊन लांब गेला होता. तिच्या छातीशी लेकरू नव्हतं. हगवण लागून दोन दिवसांत बिरू गेला, असं तिने खाली बघत सांगितलं. आठ दिवस झाले होते.

"तुमच्या कागदात तो अजून हाय," ती म्हणाली. "म्हनून पाळना हालायलाय. मला रडू ऐकू यायलंय. त्याला काडा तिथून, सायब. सुटू द्या त्याला."

तोऱ्यात बोललेलं असं परत येईल, हे मला कुठे ठाऊक होतं? मी बाड काढायला पिशवीत हात घातला, तर तिने पदराची गाठ सोडून एक घडी केलेला कागद पुढे केला. हळदीकुंकवाने माखलेला. बिरूच्या उशाखाली इतके दिवस होता तो.

"तुमचाच हाय," ती म्हणाली. "ह्याच्यावरच लिवा."

मी घडी उलगडली. वर छापलेलं होतं: मृत्यूची नोंद.

काय झालं ते मला लगेच कळलं. नवं बाड मराठीचं होतं. पुढून जन्माचे नमुने, मागून मृत्यूचे. मी शिकलेला उर्दू शाळेत. माझा हात पुस्तक उजवीकडून उघडणारा. त्या दिवशी हसत हसत मी बाड मागून उघडलं होतं. पाचवीच्या रात्री त्या लेकराच्या उशाशी मी हे ठेवलं होतं. माझा सटवाईवर विश्वास नव्हता. आजही नाही, असं मी म्हणतो.

दुसरा नमुना घ्यायला हवा होता. पण तिचे डोळे त्या कागदावर होते. मी लिहीत गेलो. नाव, बाप, वय अडीच महिने, कारण हगवण. नियमाप्रमाणे वाचूनही दाखवलं, नावापासून खाली. मग अंगठ्याची शाई पुढे केली.

तिने अंगठा बुडवला नाही. बोट वरच्या छापील ओळीवर ठेवलं.

"हे वाचलं न्हाई तुमी. हे आधीपासनंच व्हतं. पाचवीच्या दुसऱ्या दिशी सकाळी म्या बघितलं, तवाबी व्हतं. सटवाईनं लिवलेलं हे काय हाय?"

ज्या नियमाची मी मिजास मारत होतो, तो मी मघाशीच मोडला होता. खरं सांगण्याची छाती झाली नाही.

"ते सटवाईचं नाही," मी म्हणालो. "ते सरकारचं नाव आहे. सगळ्या कागदांवर असतं."

तिने त्या ओळीवरून बोट उचललं.

"मंग तिनं काईच लिवलं न्हाई," ती म्हणाली. "ह्याचाबी कोराच ठिवला."

तिने अंगठा उठवला, बोट पदराला पुसलं आणि उन्हात निघून गेली. मी तिला हाक मारली नाही. त्या महिन्याच्या अहवालात वाडीपुढे मी लिहिलं, नोंदी पूर्ण.