घड्याळकाकांनी बॉनेट उघडलं

सुनेने किल्ली फिरवली. आतून नुसतं ‘टिक’ झालं आणि गाडी गप्प बसली. पुन्हा फिरवली, पुन्हा टिक. समोरचे दिवे मिणमिणले, जणू त्यांनाही रविवारी लवकर उठायचा कंटाळा आला होता.

“झालं!” ती म्हणाली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकवून बसून राहिली.

खिडकीत उभे असलेले तिचे सासरे चपला सरकवत बाहेर आले. सगळी गल्ली त्यांना घड्याळकाका म्हणायची. उभा जन्म त्यांनी लोकांची मनगटी घड्याळं दुरुस्त करण्यात घालवला होता. आता दुकान नव्हतं, पण कुठे टिक असा आवाज आला की मान आपोआप तिकडे वळायची.

“काय म्हणतेय?” त्यांनी विचारलं.

“काही म्हणत नाहीये, बाबा. तोच तर घोळ आहे.”

सून फिजिओथेरपिस्ट होती. आखडलेले गुडघे, धरलेले खांदे मोकळे करायचं तिचं काम. ती काम करायची तो दवाखाना बंद पडला, आणि बऱ्याच दिवसांनी आता एका संस्थेने घरोघरी जाऊन म्हाताऱ्या रुग्णांकडून व्यायाम करून घ्यायचं काम देऊ केलं होतं. अट एकच, स्वतःची गाडी हवी. रुग्णांची घरं शहराच्या चार टोकांना पसरलेली. उद्या पहिला दिवस. पहिल्याच दिवशी दांडी मारणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी कोण बोलावतं?

आदल्या दिवशी गॅरेजवाल्याने दुसऱ्या बॅटरीची वायर जोडून गाडी चालू करून दिली होती. दारात गाड्यांची रांग लागलेली; त्याने बॉनेट उचलून एक नजर टाकली आणि सांगितलं, बॅटरी बदला, ती चार्ज करणारा अल्टरनेटर बदला, वायरिंगही जुनं झालंय, तेही बदलून घ्या. त्याने जो आकडा सांगितला तेवढ्यात तसलीच दुसरी जुनी गाडी आली असती. सून “बघते” म्हणाली होती. माणसं असं ‘बघते’ म्हणतात तेव्हा बघण्यासारखं काहीच उरलेलं नसतं, हे काकांना ठाऊक होतं.

परगावी नोकरीला असलेल्या मुलाचा फोन आला. सगळं ऐकून तो म्हणाला, “बाबा, तुम्ही हात लावू नका. ते घड्याळ नाहीये. विकून टाकू.”

“विकू की. पण बंद गाडी घेतं कोण? चालू तर करू आधी.”

“बाबा...”

“तुझा आवाज तुटतोय रे,” काका म्हणाले आणि फोन ठेवला. आवाज चांगला खणखणीत येत होता.

मग ते घरात गेले आणि आपली आयुधं घेऊन आले: डोळ्याला लावायचं भिंग, चिमटा, आगकाडीएवढे स्क्रू-ड्रायव्हर आणि कप्पे असलेला पत्र्याचा ट्रे. ते बॉनेट उघडून आत वाकलेले पाहून कुंपणापलीकडून शेजारी हसायलाच लागला. हा शेजारी बस चालवून निवृत्त झालेला. आवाज अजून मागच्या सीटपर्यंत पोचेल असा.

“काका, भिंग लावून गाडी बघताय? लाजेल ना ती!”

“लाजू दे. त्या निमित्ताने हलेल तरी. तुझ्याकडे दहाचा पाना आहे?”

“आहे की. भिंगातून बघाल तर शंभराचा दिसेल!”

पाना मात्र त्याने लगेच आणून दिला.

काकांनी कशालाच हात लावला नाही. ते नुसते पाहत राहिले. सून अस्वस्थ होऊन बोटं मोडत होती.

“काय शोधताय, बाबा?”

“घाण. घड्याळ बंद पडलं की लगेच चाक बदलायचं नसतं. आधी उघडायचं, पुसायचं, मग बघायचं. निम्मी घड्याळं नुसती पुसल्यावर चालतात. ये, इकडे ये. हे बघ.”

बॅटरीच्या डोक्यावर दोन बुटके खांब होते आणि प्रत्येकाला जाड वायरचा पट्टा आवळलेला होता. त्यातल्या एका खांबावर हिरवट-पांढरी भुकटी साठली होती, भिंतीला ओल आल्यावर पोपडे धरतात तशी. खांब आणि पट्टा यांच्यामध्येही तीच शिरलेली.

“वीज इथून जाते,” काका म्हणाले. “दार उघडं आहे, पण दारात पोत्यांचा ढीग. एखादा माणूस अंग चोरून जाईल, सगळं वऱ्हाड कसं जाणार? दिवे मिणमिणायला थोडी वीज पुरते. इंजिन फिरवायला भरपूर लागते. मग नुसतं टिक.”

“एवढंच?” सून म्हणाली.

“तसं वाटतंय. खरं-खोटं पुसल्यावर कळेल. हातमोजे घाल. ती भुकटी आम्लाची आहे, कातडी जाळते.”

आधी काळ्या वायरचा पट्टा सोडवायचा, मग लाल. जोडताना उलट, लाल आधी, काळी शेवटी. असं का, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं. काळी वायर गाडीच्या अंगालाच जोडलेली असते. ती काढली की मग पाना चुकून कुठे लोखंडाला लागला तरी ठिणगी उडत नाही. सून दोनदा घोकून म्हणाली, “काळी पहिली निघते, शेवटी येते.”

“घरच्या मोठ्या सुनेच्या उलट,” पलीकडून शेजारी म्हणाला.

“तू झाडांना पाणी घाल,” काका म्हणाले.

कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून तिने जुन्या टूथब्रशने खांबाला लावला. फसफस करून फेस वर आला आणि दोघंही एकदम “अरे वा!” म्हणाले. पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ नये म्हणून काका चिंधी धरून उभे होते. फेस विरला, की पुसायचं, पुन्हा लावायचं. मग बारीक पॉलिशपेपरने घासून खांब आणि पट्ट्याची आतली बाजू नव्यासारखी चकचकीत केली. नट-बोल्ट ट्रेच्या आपापल्या कप्प्यात बसले होते. पट्टे पुन्हा चढवले, वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवला. नट काकांनी स्वतः आवळले, डोळे मिटून, बोटांच्या टोकांनी.

सुनेने किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्यात घुर्रर्र करून सुरू झाली.

शेजाऱ्याने टाळ्या पिटल्या. सून गाडीतून उतरून नाचायचीच बाकी होती. “बाबा, बसा! एक चक्कर मारून येऊ.”

दोन रस्ते अगदी छान गेले. काका पुढच्या सीटवर ऐटीत बसले होते. शाळेसमोरच्या गतिरोधकावर गाडी धाडकन आपटली आणि मेली. टिकसुद्धा नाही. दिवे नाहीत, हॉर्न नाही. मागे एक टेम्पो थांबला आणि आपल्या हॉर्नने हिच्या मुक्या हॉर्नची भरपाई करू लागला.

काका सीटवर पुढे सरकून बॉनेटकडे बघू लागले. म्हणजे गॅरेजवाला बरोबर होता. आपण पोरीला उगाच आशा लावली. हेच उद्या झालं असतं, भर रस्त्यात, एकटीला.

“गॅरेजला फोन कर,” ते हळूच म्हणाले. “माझं चुकलं असेल.”

सुनेने फोन काढलाही. मग तिने तो तसाच खिशात टाकला, उतरली आणि टेम्पोवाल्याला हाताने ‘बाजूने जा’ म्हणून बॉनेट उघडलं. काका उतरून येईपर्यंत तिने काळ्या वायरच्या पट्ट्याला हात घातला होता. पट्टा खांबाभोवती गर्रकन फिरला, बरणीचं सैल झाकण फिरावं तसा.

“बाबा, हा किती घट्ट केला होतात?”

“जेवढा करायचा तेवढा. स्क्रू पुरे म्हणतो, बोटाला कळतं. त्यापुढे एक केसभर जरी फिरवला तरी आटे जातात.”

“मनगटी घड्याळाचे!” ती म्हणाली आणि भर रस्त्यात हसत सुटली. “बाबा, हा स्क्रू पुरे म्हणत नसतो. त्याला सांगावं लागतं!”

काका स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. ती बोटं तांदळाच्या दाण्याहून लहान स्क्रू आयुष्यभर सांभाळत आली होती. त्यांनी या नटलाही तितक्याच मायेने हात लावला होता.

“मग तूच कर,” ते म्हणाले आणि खिशात तसाच राहिलेला शेजाऱ्याचा पाना तिच्या हातात दिला.

तिने पाय रोवले. माणसाचा आखडलेला खांदा फिरवताना ती जशी अंगाचा भार हळूहळू देते, तसा भार तिने पान्यावर दिला. नट फिरला, कुरकुरला, बसला. ती आणखी जोर लावणार तोच काकांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

“आता थांब. खांब शिशाचा आहे, मऊ असतो. पट्टा हलवून बघ.”

तिने हलवला. पट्टा हलला नाही.

“तुमचं पुरे आणि माझं पुरे यांच्या मध्ये कुठेतरी आहे ते,” ती म्हणाली. मग तिने लाल पट्टाही तसाच आवळला.

गाडी सुरू झाली. ती वळवून आणून सून पुन्हा त्याच गतिरोधकावर गेली, मुद्दाम, मघापेक्षा जोरात. काकांनी दाराची मूठ गच्च धरली. गाडी आपटली, पण इंजिन चालूच राहिलं. तिने आणखी एक फेरी मारली. शाळेचा पहारेकरी बाहेर येऊन या दोघांकडे संशयाने बघू लागला, तेव्हा कुठे ती घराकडे वळली.

सोमवारी ती एकटीच निघाली. “येऊ का सोबत?” हे शब्द काकांच्या ओठांवर आले होते, त्यांनी ते चहाच्या घोटाबरोबर गिळले. थोड्या वेळाने फोन वाजला आणि त्यांनी तो लगेच उचलला.

“पोचले, बाबा,” ती म्हणाली. “ठेवते, आजी वाट बघतायत.”

दुपारी फाटकाशी गाडी थांबली. काका खिडकीपाशी गेले. सून उतरली, पण घरात आली नाही. तिने बॉनेट उघडलं, वाकली, दोन्ही पट्टे एकेक करून हलवून पाहिले. तिने हाक मारली असती तर काका लगेच गेले असते. तिने मारली नाही. तेही जागचे हलले नाहीत.

“उद्याचं काय म्हणाले?” त्यांनी खिडकीतूनच विचारलं.

“दोन घरं दिलीत,” बॉनेट खाली ओढत ती म्हणाली. “एक पुलापलीकडे आहे. मी हो म्हणून टाकलं.”