नऊ नंबरची हाक

तेहतीस वर्षं मलकापूरच्या एकाच कॉलेजात मी फुटबॉल शिकवला. तेहतीस वर्षांत एक कप. हसा लेकहो, मी बी हसलो असतो. पण काल सेंडऑफ झाला तेव्हापासून मले काहीच होऊन नाही राह्यलं. दात काढाच्या आधी डॉक्टर सुई टोचते ना, मंग गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं आंगभर झालं आहे.

माह्यं नाव शालिग्राम. पोट्टे मांगून मले 'हाजिर सर' म्हणतात, मले ठाऊक आहे. मॅचच्या आधी अकराही जणांले मी मधल्या लायनीवर उभं करतो अन् एक नंबरापासून नावं पुकारतो. पहिल्या हाकेले 'हाजिर सर' आलं तं खेळ, नाही तं बस बाहेर. मंग तो प्राचार्याचा पोरगा असो का कोणाचा भाचा. एकदा ऐन हाकेले गोलकीपर शिंकला, त्याले बी बसवलं. चार गोलनं हारलो. हारलो तं हारलो, नियम म्हणजे नियम.

असा मी नियमाचा माणूस. आता माह्या नियमाची गोष्ट ऐका.

अठ्ठ्याण्णव साल होतं. विद्यापीठाच्या स्पर्धेले दहा दिवस उरले, अन् माह्या नऊ नंबरनं, सोनाळ्याच्या इंद्रभाननं, चालत्या ट्रॅक्टरवरून उडी मारून पाय मोडून घेतला. खेळाडूंची यादी जाऊन चुकली होती, दुसरं नाव घालता येत नव्हतं. तेव्हा मैदानावर रोज संध्याकाळी हबीब नावाचा पोट्टा ये. पिंजाऱ्याचा पोरगा. बारावीले इंग्रजीत गचकला, म्हणून कॉलेजात नाव नव्हतं. पण आमचं मैदान काळ्या मातीचं, भेगा अशा का बॉल कुठं उसळीन हे कोणाच्या बापाले सांगता ये नाही, अन् हबीबले ते आधीच समजे. तसा खेळणारा मी त्याच्या आधी पाह्यला नाही, नंतर बी नाही.

मी म्हणलं, "हबीब्या, दहा दिवस तू इंद्रभान."

"चालते सर," म्हणे. "खेळाले भेटते ना?"

फॉर्मवरचा इंद्रभानचा फोटो इतका काळा आला होता का त्याच्यात म्हैस बी खपली असती. टीमच्या पोट्ट्यांले मी तोंड न उघडाची शपथ घातली. घोर होता तो नावाचा. इंद्रभान म्हणून हाक मारली का हबीब इकडंतिकडं पाहे. मी भडकलो. "काऊन बे भैताडा? पंचानं पुकारलं तं असाच पाहशीन का?" मंग जिथं दिसन तिथं मी त्याले हाक मारू लागलो. पाणी पिता पिता, गादीले टाके घालता घालता, पाठमोरा चालला असन तरी. दहाव्या दिवशी तं झोपेतून उठवलं असतं तरी तो 'हाजिर सर'च म्हणला असता.

फायनलले सत्तराव्या मिनिटाले कॉर्नर आला. हबीबनं उडी मारली अन् डोक्यानं बॉल जाळ्यात घातला. कप आला. सर्टिफिकेट आलं, त्याच्यावर नाव इंद्रभानचं. मी म्हणलं, कागदच तं आहे. तिथंच माही मती मेली. त्या कागदावर इंद्रभान खेळाडूच्या कोट्यातून नोकरीले लागला, आज गाडी-शिपाईवाला साहेब आहे. हबीब अजून बी बस स्टँडच्या मांगं गाद्या भरते. सत्तावीस वर्षांत मले एका शब्दानं टोचलं नाही. उलट दरसाल मॅचच्या सकाळी येऊन मैदानावर चुन्याच्या लायनी मारून देते. मी कधी बोलावलं नाही अन् त्यानं कधी खंड पाडला नाही.

परवा तो घरी आला. दारातच उभा राह्यला. डोक्यात, भुवयांत कापूस.

"सर, एक काम होतं. नाही म्हणू नका."

"बोल."

"अलीजा हसते माह्यावर." अलीजा म्हणजे त्याची पोरगी, आमच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाले, पोरींच्या टीममध्ये खेळते. "मी म्हणलं मी बी खेळलो. म्हणे, अब्बू, तुम्ही गाद्या भरा. कपाच्या फोटोत चेहरा दाखवला, तं म्हणे खाली नाव दुसरंच लिहून आहे. उद्या तुम्ही भाषण करसान ना? फक्त एक डाव माहं नाव घेजा. गोलचं नका सांगू. फक्त हबीब खेळला होता म्हणा. तिच्यासमोर. बाकी मले काही नाही पाह्यजे."

मी म्हणलं, "हाव. घेतो."

तो गेला तशी आतून शालूबाई आली, माही बायको. म्हणे, "घेता म्हणता! त्या साहेबाची नोकरी जाईन. अन् तो खेळला म्हणून नोकरीच्या फॉर्मावर खोटी सही कोणाची आहे?" फॉर्मावर सही माहीच आहे. रात्रभर एकच वाक्य घोकलं, हबीब खेळला होता. तीन शब्द. पोट्ट्यांचा पाढा पाठ होते, मले तीन शब्द होऊ नये?

काल मैदानावर मांडव टाकला होता. प्रमुख पाहुणा कोण, तं इंद्रभान साहेब. आला तसा पायाच पडला. मनानं वाईट नाही तो. पण बोलाले उभा राह्यला अन् म्हणे, "तो गोल मी डाव्या पायानं मारला, तो सरांच्या शिकवणीमुळं." डाव्या पायानं! लेका, त्या दिवशी तुहा डावा पाय पलस्तरात होता अन् तू सोनाळ्यात खाटेवर! मांगं पाण्याच्या ड्रमपाशी हबीब उभा होता, बाजूले अलीजा. त्यानं टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, तोंडभर हसून.

मंग माही पाळी आली. शाल, नारळ हातात. मी माइकपाशी गेलो तं जुने पोट्टे वरडले, "सर, हजेरी! कपवाल्या टीमची हजेरी घ्या!" मले बरंच वाटलं. म्हणलं भाषणात जमलं नसतं, हजेरीत जमून जाईन. नऊ नंबर आला का हबीब म्हणाचं, बस.

एक नंबर पुकारला. 'हाजिर सर.' दोन. तीन. पोटं सुटलेले, टक्कल पडलेले पोट्टे एकेक उभे राहून राह्यले, लोक टाळ्या पिटून राह्यले. सातवा वारला, त्याच्यासाठी सारेच म्हणले, हाजिर सर. आठ. मी मांगं पाह्यलं. हबीबनं अलीजाचा हात धरला होता अन् तो माह्या तोंडाकडं पाहून राह्यला होता.

"नऊ नंबर," मी म्हणलं. तोंड उघडलं. समोर साहेब, प्राचार्य, फोटोवाला. जीभ उचललीच नाही. तोंडातून निघालं, "इंद्रभान."

साहेब बाजूच्याशी बोलून राह्यला होता. त्याले त्या हाकेची आता काय सवय? कपाच्या मॅचले तो या हाकेले उभाच राह्यला नव्हता.

"हाजिर सर!"

ड्रमपाशी हबीब ताठ उभा होता. छाती पुढं, हात आंगाले चिटकवून. त्याले स्वतःले समजलं नसन, तोंडातून निघून गेलं. मीच तं घोटून घेतलं होतं.

मंग कोणीतरी फिसकन हसलं, मंग टीमवाले सोडून सारा मांडव हसला. लोकांले वाटलं, गादीवाल्यानं साहेबाची मजा केली. साहेब हसला नाही. त्याचा रंग उतरला होता. हबीबचे ताठ हात हळूहळू ढिले पडले.

अलीजा हसली नाही. बापाची बाही ओढून ती म्हणली, मले तिथवर ऐकू आलं, "अब्बू, तुमचं नाव कुठं घेतलं त्यांनी?"

पहिल्या हाकेले ज्यानं उत्तर दिलं तो खेळला, असा माहा नियम. माइक माह्या हातात होता.

मी दहा नंबर पुकारला.