किल्लीवाल्याच्या हातातली जपमाळ

मित्रांनो, मी एक जुनी जपमाळ आहे, तुळशीच्या लाकडाची. कुणी मला गळ्यात घालून मिरवलं नाही. पण माझ्या मण्यांवर दोन माणसांच्या बोटांची झिलई आहे. ती कशी चढली, ते सांगते.

एका कारागिराने वाळलेलं खोड कातून माझे मणी केले आणि त्याच्या बायकोने ते ओवले. एकशे आठ मणी, दर दोन मण्यांमध्ये एक गाठ, आणि दोन्ही टोकं जुळतात तिथे एक मोठा मणी. त्याला मेरुमणी म्हणतात. जप करणारा मेरू ओलांडत नाही. तिथवर आला की माळ फिरवून मागे वळतो.

मला विकत घेतलं दवाखान्यात काम करणाऱ्या एका आयाबाईने. दिवसभर ती परक्यांची आजारपणं काढायची आणि संध्याकाळी हातपाय धुऊन खिडकीशी बसायची. माळ ठेवायच्या कापडी पिशवीला गोमुखी म्हणतात. तिच्यात हात घालून ती अंगठ्याने आणि मधल्या बोटाने माझा एकेक मणी आपल्याकडे ओढायची. कितीही धुतला तरी त्या हाताला फिनेलचा वास असायचा. मला तो आवडायचा.

तिचा नवरा किल्लीवाला होता. अडलेलं कुलूप उघडण्यात त्याचा हातखंडा, पण देवाधर्माशी उभा दावा. एकदा त्याने तिला विचारलं, "तुझा देव बहिरा आहे का गं? इतक्यांदा हाक मारावी लागते ती?"

"तो नाही विसरत. मी विसरते, म्हणून मारते," ती म्हणाली.

तो हसला आणि चहा टाकायला उठला. असे ते दोघं होते.

पुढे ती आजारी पडली. जिथे जन्मभर राबली त्याच दवाखान्यात खाटेवर आली. हात उचलवेना, तरी उशीखाली बोटं घालून मला चाचपायची. एका सकाळी ती बोटं माळेच्या मध्यावर थांबली आणि पुढे सरकलीच नाहीत. किल्लीवाल्याने मला घरी आणून खुंटीला टांगलं.

रिकामं घर मी त्या खुंटीवरून पाहिलं. तो कामावरून यायचा, दार ढकलायचा आणि सवयीने "अगं" म्हणायचा. मग चपला न काढता तसाच उभा राहायचा. भांडी फार आवाज न करता घासायचा, जणू आत कुणी झोपलंय. मला वाटायचं, आपल्यालाही विसरला हा. मी लाकूड असले तरी हाताची सवय मलाही लागली होती.

एका रविवारी त्याने मला खाली काढलं. त्याच्या बोटांना लोखंडाचा आणि तेलाचा वास होता. कुठलं बोट लावायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने पहिला मणी ओढला आणि हळूच बायकोचं नाव घेतलं. दुसऱ्यावर पुन्हा तेच नाव. मेरू आला तरी तो वळला नाही, ओलांडून पुढेच गेला. मग रोजच तसं चालू झालं.

त्यांची एकुलती एक लेक नोकरीमुळे दूर राहायची. एकदा ती अवचित आली आणि तिने दारातूनच ते ऐकलं. बाबांच्या डोक्यावर परिणाम झाला की काय, या धास्तीने ती उंबऱ्यावरच थबकली. मग जवळ बसून म्हणाली, "बाबा, ही देवाच्या नावाची माळ आहे."

तो हातातला मणी चाचपत म्हणाला, "संसार झाला सगळा, पण मी तिला कधी नावानं हाक मारली नाही गं. नुसतं अगं, ऐकलंस का, यातच गेलं."

 जाताना लेकीने "नीट जपून ठेवते" म्हणत मला आपल्या घरी नेलं. त्याने अडवलं नाही. काचेच्या कपाटात माझी जागा झाली. पाहुणे माझी वाखाणणी करायचे, पण हात कुणी लावायचं नाही. मान मिळाला आणि सोबत गेली. माझा दोरा आतून वाळत चालला.

पुढच्या खेपेला लेक बापाकडे गेली, तेव्हाचं मला मागून तिच्याच तोंडून कळलं: बाप खिडकीशी बसून बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत होता. ओठ हलत होते. मध्येच चुकायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचा. ती त्याच पावली परत फिरली. मला घाईने कपाटातून काढताना दोरा तुटला आणि मणी घरभर झाले. सापडले तेवढे वाटीत भरून, रडवेल्या तोंडाने ती ते बापापुढे घेऊन आली.

त्याने डोळ्याला भिंग लावलं, नवा दोरा घेतला. ती मणी देत गेली, तो गाठी मारत गेला. काही मणी कमीच भरले.

"राहू देत," तो म्हणाला. "तेवढ्या वेळा तू हाक मार तिला."

लेकीने "आई" म्हटलं. पहिल्यांदा अगदी हळू. 

आता तोही नाही. मी लेकीच्या टेबलाच्या खणात असते. ती कामाच्या रगाड्यात असते, पण कधीतरी हात घालते, तेवढ्यावर माझे दिवस जातात.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी माळ असेल, तर ती काचेआड ठेवून विसरू नका. तिचा दोरा अधूनमधून बघा, विरला असेल तर वेळीच बदला. आणि कुणी एकटंच माळ ओढत बसलेलं दिसलं, तर शेजारी जरा टेका. काही विचारू नका. तसं बसल्याने जप मोडत नाही.