जाऊबाईंची चार पिल्लं

अनघाला छंद लागला तो रागापायी. ऑफिसात तिने एका मॅनेजरच्या अंगावर फाइल भिरकावली, ती नेमकी त्याच्या चष्म्यावर बसली, आणि एचआरने तिला गोड शब्दांत समज देऊन चार दिवस घरी पाठवलं. नवरा शैलेंद्र तेलवाहू जहाजावर चीफ इंजिनिअर. त्याने भर समुद्रातून फोन केला. "अगं, डोकं गुंतव कशात तरी. रोज एक फोटो काढ, मला पाठव. एक दिवस चुकवायचा नाही." सांगायला त्याचं काय जात होतं? तो तिकडे होता आणि राग इकडे.

पण अनघा एकदा काही धरलं की सोडणारी बाई नव्हती. हाताएवढ्या लेन्सचा कॅमेरा घेतला, ट्रायपॉड घेतला, आणि सुरू झाली. इडलीचा फोटो. लिफ्टच्या बटणांचा फोटो. बारा मजल्यांवर बांबूंना लटकलेल्या चड्ड्यांचा फोटो. शैलेंद्र बिचारा प्रत्येकाला 'वा' म्हणायचा. जहाजावर दुसरं काय करणार?

मग एका सकाळी घराजवळच्या किनाऱ्यावर, वुडलँड्सच्या जेट्टीखाली तिला पाणमांजरं दिसली. त्यातल्या एका मादीने एक जाडजूड मासा पकडून आणला होता आणि ती तो डोक्याकडून खात होती. मासा जिवंत होता. शेपटी दगडावर फडफडत होती आणि इकडे टाळकं कडाकडा फुटत होतं. मिशांवरून रक्त ओघळत होतं. नर जवळ आला तसा तिने तोंडातला घास न सोडता त्याच्या कानाला असा चावा घेतला, की तो किंचाळत पाण्यात पडला. कुणालाही किळस आली असती. अनघाला फार बरं वाटलं. इतक्या मोकळेपणाने रागावलेलं कुणी तिने या परक्या, शिस्तीच्या शहरात पहिल्यांदाच पाहिलं होतं.

तिने मादीचं नाव ठेवलं जाऊबाई, आणि नर अर्थातच भावजी. त्या दिवसापासून रोजचा फोटो जाऊबाईंचाच.

तिथेच निशिकांत सप्रे भेटले. जहाजावरून निवृत्त झालेले, गळ्यात जुना कॅमेरा, कित्येक वर्षं पाणमांजरांचेच फोटो काढणारे. ती त्यांना सप्रेकाका म्हणू लागली. काकांनी तिला माया लावली आणि नियमही घालून दिले. खायला घालायचं नाही. हात लावायचा नाही. त्यांच्या मारामारीत पडायचं नाही. "आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे," काका म्हणाले, "बीळ कुठे आहे ते जगाला सांगायचं नाही. पिल्लं झाल्यावर तर मुळीच नाही."

पिल्लं झाली. किनाऱ्यावरच्या एका जुन्या झाडाच्या मुळांत, चार. अनघा रोज उजाडताना तिथे पोट टेकून पडून राहायची. डास फोडून काढायचे. जाऊबाई एकेका पिल्लाला मानेला धरून उन्हात आणून ठेवायची आणि भोवती फिरत राहायची. स्वतःची मुलगी मेलबर्नला शिकायला गेल्यापासून जे आत अडकून बसलं होतं, ते अनघाला या चार ओल्या गोळ्यांकडे बघताना सैल झाल्यासारखं वाटायचं. ती कुणाला हे बोलली नाही. पण ऑफिसात आरडाओरडा कमी झाला आणि हाताखालच्या पोरांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

चारही पिल्लं एकावर एक झोपलेला फोटो तिने पाणमांजरप्रेमींच्या नेटवरच्या पानावर टाकला. हजारो लोक तुटून पडले. जन्मात कुणी तिचं इतकं कौतुक केलं नव्हतं. कुणीतरी विचारलं, कुठे आहे हे? आणि बाईसाहेबांनी सांगून टाकलं. जेट्टीच्या डाव्या हाताला, मोठ्या झाडाखाली. मिरवायची हौस, दुसरं काही नाही.

रविवारी जत्रा लोटली. लेन्सवर लेन्स आदळत होत्या. एका दाढीवाल्याने अनघाला खांद्याने ढकललं, तिने त्याच्या बरगडीत कोपर घातलं. एकाचा कुत्रा पट्टा सोडवून थेट मुळांपाशी घुसला. जाऊबाई बाहेर आली ती कुत्र्याच्या नाकाडाला लोंबकळतच. कुत्रा रक्तबंबाळ होऊन गरगर फिरायला लागला. मालकाने तिला सोडवायला लाथ उगारली. अनघाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्याला दोन्ही हातांनी असं लोटलं, की तो चिखलात उताणा पडला.

"Auntie, you siao ah? Otter only what!" तो ओरडला. म्हणजे बाई वेडी, आणि एवढं काय, साधं पाणमांजर तर आहे!

दुसऱ्या दिवशी उजाडताना बीळ रिकामं होतं.

सप्रेकाका तिला टोचून बोलले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं. दोघांनी किनारा पालथा घातला. शेवटी वसाहतीच्या मागच्या काँक्रीटच्या कालव्यात, एका फुटक्या पाइपाच्या तोंडाशी जाऊबाई दिसली. चारही पिल्लं आत होती. अनघाला रडूच फुटलं. काका मात्र गंभीर झाले.

"हा इलाखा दुसऱ्या टोळीचा आहे गं. डझनभर तरी आहेत ती. पिल्लांना नीट पोहता येत नाही तोवर ही इथून हलणार नाही, आणि ती टोळी हिला इथे राहू देणार नाही."

"मग आपण उचलून नेऊ या ना त्यांना!"

"हात लावायचा नाही. मी वन्यजीववाल्यांना कळवलंय. बघू काय म्हणतात."

"बघू म्हणजे? काका, मी केलंय हे!"

त्या दिवसापासून अनघाने रजा टाकली आणि ती कालव्याच्या कठड्याशी ठाण मांडून बसली. कॅमेरा ट्रायपॉडवर तयार असायचा. जीव टांगणीला लागला होता, तरी रोजचा फोटो ती काढत होतीच.

टोळी आली ती अशाच एका सकाळी, काकाही कठड्याशी होते तेव्हा. आधी आवाज आला, चिरक्या किंकाळ्यांचा. मग कालव्याच्या वळणावरून पाणी उसळत आलं आणि त्यात डोकी दिसली. भावजी पुढे धावला. दोघांनी त्याचे पाय धरले, एकाने तोंड. त्याचा एक डोळा फुटलेला अनघाला लेन्समधून स्पष्ट दिसला. तो सुटला आणि शेपटीतून रक्त गाळत उलट्या दिशेला पळाला, परत फिरला नाही. आता उरली जाऊबाई. तिने एकाचा गळा धरला, दुसऱ्याचा पंजा फाडला. पण तिच्यावर पाच-सहा जण पडले होते, आणि गुडघाभर पाण्यात सगळ्यांचा मिळून एक लाल, किंचाळणारा गोळा झाला होता.

एक जण पाइपात शिरला आणि पिल्लू घेऊन बाहेर आला. त्याने ते झटकलं, पाण्याखाली धरलं, आणि धरूनच ठेवलं. कॅमेऱ्याचं बटण अनघाच्या बोटाखाली दबलेलं होतं. कटकट कटकट फोटो निघत होते. दुसरं पिल्लू दोघांनी दोन्हीकडून ओढलं. ते फाटल्याचा आवाज तिला वर ऐकू आला.

तिचं बोट बटणावरून सुटलं. तिने कॅमेरा काढून काँक्रीटवर टाकला, ट्रायपॉड मिटवून हातात धरला आणि कठड्यावर पाय टाकला.

"अनघा, उतरू नकोस!" काकांनी तिचा दंड धरला. "काही कळणार नाही तुला खाली. आपण बघायला आलोय."

"तुम्ही बघा!" तिने दंड हिसडून सोडवला आणि भिंतीतल्या लोखंडी पायऱ्यांवरून ती उतरली.

खाली गेल्यावर तिच्या अंगात आलं. ट्रायपॉडचा पहिला फटका एकाच्या पाठीत बसला. दुसरा हुकून काँक्रीटवर खणखणला. पोटरीत दात रुतले, तिने लाथ मारून तो प्राणी उडवला. ती ओरडत होती, मराठीत, तोंडाला येतील त्या शिव्या देत, आणि प्रत्येक फटक्यासरशी तिला आतून मोकळं मोकळं वाटत होतं. ऑफिसातला, घरातला, फोनवरचा, स्वतःवरचा, सगळा राग हातात उतरला होता. टोळी बिचकली. काही जण वळणाकडे पळाले.

आणि तेवढ्यात एक धिप्पाड पाणमांजर पाइपातून मागे मागे सरकत बाहेर आलं. तोंड रक्ताने माखलेलं, आणि त्या तोंडात तिसरं पिल्लू, मानेला धरलेलं.

"सोड!" अनघा किंचाळली आणि तिने ट्रायपॉड दोन्ही हातांनी डोक्यावर नेऊन खाली आणला.

कवटी फुटल्याचं तिच्या मनगटांना कळलं. पाणमांजर आडवं झालं, पाय दोनदा झडले आणि थांबले. पिल्लू तोंडातून सुटलं. जिवंत होतं. अनघाला हसू आणि रडू एकदम आलं. टोळीतले उरलेसुरलेही पळाले. वाचवलं, तिने मनाशी म्हटलं, दोन तरी वाचवली. ती खाली वाकली आणि रक्ताळलेले हात पुढे करून म्हणाली, "ये. ये बाळा."

पिल्लू तिच्याकडे आलं नाही. ते अंग झटकून वळलं आणि त्या पडलेल्या अंगावर चढलं. पाइपातून चौथंही बाहेर आलं, पाण्यातून खुरडत तिथेच गेलं, आणि फुटलेल्या तोंडाला तोंड लावून बारीक आवाजात हाका मारायला लागलं.

"अनघा," वरून काका म्हणाले.

आता तिला दिसलं. मारेकरी पाइपात तोंड घालून शिरला होता आणि तोंड पुढे करून आला होता. ही मात्र टोळीच्या तावडीतून सुटून आत शिरली होती आणि पाठमोरी निघाली होती, पिल्लाला अंगाआड धरून. इतके महिने रोज बघितलेलं, रोज फोटोत धरलेलं ते अंग. आणि समोर आलं तेव्हा तिने ते ओळखलं नाही.

तिच्या हातातून ट्रायपॉड गळून पडला. वर कठड्यावर माणसं गोळा होत होती, कुणी पोलिसांना फोन लावत होतं. अनघाच्या पोटरीतून रक्त वाहून पाण्यात मिसळत होतं. तिला जाऊबाईला जवळ घ्यायचं होतं, पण ती हलली असती तर पिल्लं घाबरून पाइपात पळाली असती. म्हणून ती आहे तिथेच, गुडघे वाकवून, हात पुढे धरून उभी राहिली. एका पिल्लाने जाऊबाईच्या पोटाशी नाक घुसळलं, त्याला दूध सापडलं, आणि ते पिऊ लागलं.