काचेवरचा बाण

रेडिएटरवाल्या मिस्त्रीला गाडीचं दुखणं आधी नाकाला कळायचं. बाईंच्या जुन्या गाडीचं दार उघडताच रेडिएटरच्या पाण्याचा गोडसर वास आला आणि तो म्हणाला, "इंजिन तापतंय, पाणी रोज कमी होतंय आणि काच आतून धुरकट होतेय. बरोबर?"

"बरोबर," बाई म्हणाल्या. आयुष्यभर शाळेत शिकवलेलं. तो चुकला असता तर त्यांनी त्याला तिथेच अंगठे धरून उभं केलं असतं. "तापणं थांबवा. पण पुढच्या काचेची डावी बाजू पुसायची नाही. फडका लावाल तर याद राखा."

त्यांनी इंजिन सुरू केलं. हीटरच्या जाळीतून वाफ आली, काच पांढरी झाली आणि त्या पांढऱ्यात हळूहळू एक बाण उमटला. टोक वर, रेघ कापरी.

"यांचा," बाई म्हणाल्या. "शेवटची दोन वर्षं यांची वाचा गेली होती. गाडी मी चालवायची, हे शेजारी बसून बोटाने सांगायचे. बाण म्हणजे तिकडे चल. गोल म्हणजे थांब. हा शेवटच्या दिवसाचा. वाफ धरली की दिसतो. माझ्याकडे यांचं एवढंच उरलंय."

मिस्त्रीच्या अंगावर काटा आला. पण भुताखेतांपेक्षा गळक्या हीटरवर त्याचा जास्त विश्वास होता. "संध्याकाळी या," तो म्हणाला.

डॅशबोर्डामागचा हीटर पार सडला होता, त्याला कथलाचा डाख धरेना. मग त्याने तो काढूनच टाकला आणि त्याचे दोन्ही पाइप इंजिनकडेच एकमेकांना जोडून दिले. आता आत बसायच्या जागेत पाण्याचा थेंबही येणार नव्हता. मोठ्या रेडिएटरची दोन भोकं बुजवली, तो टाकीत बुडवून हवा भरली, बुडबुडा येत नाही हे डोळे बारीक करून पाहिलं. रेडिएटर बसवला, पाणी भरलं. आतली हवा निघून जावी म्हणून झाकण काढून बाकावर ठेवलं आणि इंजिन चालू केलं. तेवढ्या वेळात, गिऱ्हाइकाला गाडी चकचकीत द्यायची या वीस वर्षांच्या सवयीने, साबणाचा फडका घेतला आणि पुढची काच आतून या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसली.

मग हात जागच्या जागी थांबला.

"मेलो!"

त्याने काचेवर हाः करून श्वास सोडला. काच पांढरी झाली, आणि नुसतीच पांढरी राहिली. पुन्हा केलं. काही नाही. म्हातारीचं उरलंसुरलं माणूस त्याने फडक्याने पुसून टाकलं होतं. बाहेर बाईंच्या चपला वाजल्या. त्याने बोट आपल्या तेल लावलेल्या केसांत फिरवलं, काचेवर एक बाण ओढला, इंजिन बंद केलं आणि धाडकन बॉनेट लावलं. शरम वाटली, पण बाण ओढलाच.

बाई बसल्या. डावीकडे वाकून त्यांनी काचेवर श्वास सोडला. बाण दिसला. बराच वेळ बघत राहिल्या.

"येते," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मिस्त्री बाकावर टेकला, तर हाताला काहीतरी लागलं. रेडिएटरचं झाकण.

आता मात्र त्याचं धाबं दणाणलं. झाकणाशिवाय सगळं पाणी उकळून बाहेर फेकलं जाणार, आणि पुढे तर चढाचा घाट. तिथे इंजिन जाम झालं की गाडी मागे घसरणार, आणि मागे दरी. त्याने स्कूटरला किक मारली.

चढ सुरू होण्याआधीच गाडी कडेला उभी होती. बॉनेटमधून जेमतेम वाफ निघत होती. बाई धडधाकट बसल्या होत्या.

"तापमानाचा काटा बघून थांबलात का बाई?" त्याला धाप लागली होती.

"काटा कोण बघतंय?" त्यांनी डावीकडे बोट केलं.

पुढच्या काचेची डावी बाजू पांढरी होती. तिच्यावर मिस्त्रीचा सरळसोट बाण होता, आणि त्या बाणावर एक गोल काढलेला होता. कापरा, दोन्ही टोकं न जुळलेला.

मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. "बाई, हीटर मी काढून टाकलाय. आत वाफ यायला वाटच नाहीये."

"ते मला नका सांगू." बाई त्याच्याकडे वळल्या. "बाण तुमचा ना? यांचा हात कापायचा. इतकी सरळ रेघ यांना जमली नसती. मला तिथेच कळलं होतं."

"चुकलं बाई." त्याला वर बघवेना. "सवयीने फडका फिरला."

"म्हणून यांना परत यावं लागलं," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा रडवेला होता की समाधानी, मिस्त्रीला सांगता आलं नसतं.

गोलाच्या कडेवरून एक थेंब घरंगळला. जवळून बघायला तो दारातून आत वाकला, आधारासाठी डाव्या सीटवर हात टेकवू लागला, आणि वीतभर वरूनच त्याने हात मागे घेतला. रिकामी सीट मध्यभागी, कुणी बसल्यासारखी, दबलेली होती.