आकाशाला आधीच कळलं होतं

ऑफिसात त्यांना सगळे 'शिळे ज्योतिषी' म्हणत, आणि खरं सांगायचं तर ते नाव त्यांना शोभायचं. कुठंही भूकंप झाला रे झाला, की हे गृहस्थ आधीच्या आठवड्याच्या उपग्रहांच्या नोंदी उपसायचे आणि टाळी वाजवून म्हणायचे, "बघा! आयनांबरात गडबड होतीच!" आयनांबर म्हणजे खूप वरचा, विजेने भारलेला हवेचा थर. जमीन हलायच्या आधी तो बिथरतो, असं त्यांचं वीस वर्षांचं म्हणणं. अडचण एवढीच, की ते बिथरणं त्यांना सापडायचं भूकंप होऊन गेल्यावर.

त्या सोमवारी मात्र आयनांबराचा आलेख आधीच बिथरला. आणि कुठे? तर थेट ताईच्या गावावर. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. जुन्या घरात एकटी राहायची, आणि पलंगाच्या उशाशी हे भलंमोठं लोखंडी कपाट. त्यांनी फोन उचलला आणि ठेवला. सांगणार काय? 'अंगणात झोप, वर आकाशात काहीतरी झालंय'? ताई हसून हसून गावभर करेल! तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा सहकारी डोकावून म्हणाला, "अहो, सूर्यावर वादळ आहे. त्यानेही असंच दिसतं." एरवी या वाक्यावर ज्योतिषी तासभर भांडले असते. त्या दिवशी त्यांनी ते मुकाट्याने पटवून घेतलं. अब्रू वाचली म्हणायची!

शुक्रवारी सकाळी टीव्हीवर बातमी आली, ताईच्या गावाला धक्का बसला. आणि या महाभागांनी काय करावं? धावत जाऊन लॅपटॉप उघडला.

"अहो, आधी बहिणीला फोन करा!" बायको कडाडली.

फोन लागला. ताई धडधाकट होती. "कपाट आडवं झालं बघ, नेमकं उशीवर. चहा टाकायला उठले होते म्हणून वाचले. काय रे, तुझ्या त्या आकाशाला कळलं होतं का काही?"

"कळलं होतं म्हणजे? सोमवारीच!" ज्योतिषी आनंदाने ओरडले. जन्मात पहिल्यांदा भविष्य खरं ठरलं होतं, जीभ थांबतेय कुठली?

ताईने अगदी हळू विचारलं, "मग मला फोन का नाही केलास?"

ज्योतिष्यांना उत्तर सुचलं ते एकच, आजवर ज्याच्याशी भांडत आले तेच.

"ताई, ते सूर्याचं वादळ होतं गं. भूकंपाशी त्याचा काडीचा संबंध नाही."

वीस वर्षांच्या संशोधनावर त्यांनी आपल्याच हाताने बोळा फिरवला. बायको बघतच राहिली.

"खोटं बोलणं तुला लहानपणीही जमायचं नाही," ताई म्हणाली. "हसले असते रे मी तुला. पण अंगणात झोपले असते."