डाव्या अंगठ्याची हजेरी

साहेब, तुम्ही नर्मदाकाकीला खोटारडी ठरवलंत. तिचा पट्टी बांधलेला हात समोर असताना, एका छापील कागदावरून. कागद म्हणतो, चौदा तारखेला ती कारखान्यात नव्हतीच; म्हणजे अपघात घरचा, म्हणजे भरपाई नाही.

तो कागद खोटा कसा झाला ते माझ्याकडून ऐका. तिची हजेरी माझ्या अंगठ्यात होती.

मी भक्ती, वेंगुर्ल्याच्या त्याच काजू कारखान्यात पॅकिंगला. काकी काजू फोडायला, एकवीस वर्षं. हाताला कितीही तेल-राख फासा, टरफलाचा चीक कातडी जाळतोच, बोटांवरच्या रेषाही पुसतो. अंगठ्याचं मशीन बसवलं त्या दिवशी ते काकीचा अंगठा घेईना. ती हसत होती, "भविष्य सांगणारो जोशी माझो हात बघूक बसलो तर तेका कोरो कागद गावतलो!"

मुकादम निलेशने मला हाक मारली. "गो भक्ती, तुझो डावो आंगठो दी हिच्या नावार. मशीनीक माणूस खंय दिसता?"

दिला. उजवा माझा, डावा काकीचा. फोडणाऱ्या नऊजणींची हजेरी अशीच पॅकिंगवाल्यांच्या अंगठ्यांवर चालायची. मालकाला माहीत होतं. पगार कापला जात नव्हता, म्हणून आम्ही गप्प. ही आमची चूक. लपवत नाही.

चौदा तारखेला शिरोड्याला माझ्या भावाचा साखरपुडा होता. मी रजेवर, काकी कामावर. निलेश तिला म्हणाला, "बस गो, भक्ती इली काय तुझी हजेरी लावूया." अकरा वाजता काजू फोडायच्या यंत्राचं पातं हातावर पडलं, दोन बोटं गेली. टेम्पोतून त्यानेच नेलं आणि दवाखान्यात लिहून दिलं, घरी विळीवर कापलं.

काल सुनावणीत मालकाच्या वकिलाने ते मशीन तुमच्या टेबलावर मांडलं. तुम्ही म्हणालात, "मशीन खोटं बोलत नाही."

काकी उठली. "साहेब, ते जरा इकडे करा." तिने दुसऱ्या, धड हाताचा अंगठा ठेवला. मशीन बोललं, पुन्हा प्रयत्न करा. मग एकेक करून बाकीच्या आठजणी. आठ वेळा तेच. वकील म्हणाला, "हा काय तमाशा?" काकी म्हणाली, "तुम्हीच आणलात ना वाजवायला?"

मग मी डावा अंगठा टेकवला. पडद्यावर नाव आलं: नर्मदा. हजर.

तुम्ही ते वाचलंत. ओठ हलले तुमचे. आणि निकाल लिहून झालाय म्हणत जेवायला उठलात.

निलेशचा निरोप आलाय, उद्यापासून कामावर येऊ नको. नाहीच जाणार. आम्ही दहाजणी तुमच्या कचेरीच्या पायरीवर बसलोय, डबे घेऊन. काकीला बसवलंय मधे. पुढची तारीख नको. ज्या पेनाने निकाल लिहिलात त्याच पेनाने एवढंच लिहून बाहेर या: चौदा तारखेला, अकरा वाजता, त्या पात्याखाली कोण होतं?